खोट्या बैठकीचा खरा ठराव

प्राध्यापकांना नेतृत्व शिकवायचं काम मी काही वर्षं केलं. एकदा रिक्षातून जाताना रिक्षावाल्याने विचारलं, कुठे कामाला? मी सांगितलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे त्यांना येत नाय?"

"नाही."

"मंग ते पोरांना काय शिकवतात?"

विद्यापीठाने आम्हाला दिलेल्या जाडजूड प्रशिक्षण संचात या प्रश्नावर एकही पान नव्हतं.

हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पूर्वी कॉलेजात विभागप्रमुख असायचा, तो एका विषयाचा प्रमुख. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्यांची मांडणी बदलली. मुख्य विषय, जोडविषय, कौशल्याचे विषय, कारखान्यातली उमेदवारी, श्रेयांक, मध्येच शिक्षण सोडून पुन्हा यायची सोय. एक पदवी चार विभागांत पसरली. मग त्या पदवीला कुणीतरी एक जबाबदार माणूस हवा. वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर येत नाहीत ना, परीक्षेत विचारलं ते वर्गात शिकवलं होतं ना, कारखान्यात पाठवलेल्या मुलींना तिथे काही शिकवतात की नुसत्या पेट्या उचलायला लावतात, आणि पहिल्या वर्षाला आलेली मुलं दुसऱ्या वर्षाला का दिसत नाहीत, हे त्याने बघायचं. त्याला कार्यक्रम प्रमुख म्हणतात. काम साधं आहे, कष्टाचं आहे. त्याला 'शैक्षणिक नेतृत्व' असं नाव दिलं की ते एकदम अवघड होतं आणि ते शिकवायला पुण्याहून कंपनी बोलवावी लागते.

विद्यापीठाने रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. मी तिथे कंत्राटी समन्वयक होते. जिल्ह्यातले प्राध्यापक यायचे, आठवडाभर बसायचे, प्रमाणपत्र घेऊन जायचे. संच कंपनीने बनवलेला. कंपनीची माणसं पहिल्या दिवशी येऊन समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारायची आणि शेवटच्या दिवशी फणसपोळी बांधून घेऊन जायची. मधलं सगळं माझ्यावर.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील एसटीत, युनियनचे. आमच्याकडे येणाऱ्याला चहाच्या आधी हातात पत्रक मिळायचं, आणि मी अक्षरं लावायला शिकले ती त्या पत्रकांवर. पत्रकात पहिल्या ओळीत मागणी असते. पानंच्या पानं उलटूनही मागणी सापडली नाही, की मला लिहिणाऱ्याचा संशय येतो. संच वाचताना हा संशय मला मुखपृष्ठापासूनच होता.

प्रशिक्षणाला कोण यायचं, तेही ऐकण्यासारखं आहे. कॉलेजं तीन प्रकारची माणसं पाठवायची. ज्येष्ठतेत ज्याचा क्रम आला तो, बढतीसाठी ज्याला प्रमाणपत्र हवं तो, आणि गेला तरी ज्याच्यावाचून काही अडत नाही तो. जो खरंच एखादी पदवी चालवत असायचा, त्याला कधीच सोडत नसत, कारण तो गेला तर कॉलेज बंद पडेल. शिवाय विद्यापीठाच्या पत्रातच लिहिलेलं असायचं, केवळ पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक. आणि नव्या पदव्या चालवत होती ती तासिका तत्त्वावरची पोरं, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही. म्हणजे गाडी हाकणारा बाहेर उभा आणि आत मागच्या सीटवर बसणाऱ्यांना हाकण्याचे धडे.

एक सर आल्या आल्या विचारायचे, "मॅडम, हे बढतीला धरतात ना? बास. करा सुरू." दुसऱ्या एका सरांनी पहिल्याच सकाळी आठवडाभराच्या हजेरीच्या सह्या ठोकून टाकल्या. मी हरकत घेतली तर दुखावले. "मी येणारच आहे हो. इतका अविश्वास?" दुपारनंतर ते दिसले नाहीत. एक गणिताच्या मॅडम मात्र खरा प्रश्न घेऊन आल्या होत्या. मुलं प्रवेश घेतात आणि कामाला जातात, वर्गात येतच नाहीत, तर प्रमुखाने काय करायचं? कंपनीच्या तज्ज्ञाने त्यांना सांगितलं, "हा खूप सुंदर प्रश्न आहे," आणि पुढची स्लाइड लावली.

आणि दळवी सर. अर्थशास्त्राचे, केंद्र होतं त्याच कॉलेजातले, सावर्ड्याहून रोज एसटीने येणारे, निवृत्तीला टेकलेले. 'सक्रिय श्रवण' नावाच्या सत्रात ते घोरत होते. मी जाऊन टेबलावर टकटक केलं.

"अगो, मी डोळे मिटून ऐकत होतो."

"मागच्या स्लाइडवर काय होतं सर?"

"बाण."

बरोबर होतं. सगळ्याच स्लाइडवर बाण होते.

आता मुख्य गोष्ट. संचात 'कठीण निर्णय' नावाचा सराव होता. गट करायचे, गटाने म्हणजे एका समितीने खोटी खोटी बैठक घ्यायची, आणि विद्यार्थी कमी असलेला एक कार्यक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायचं. सरावासाठी कंपनीने दिलेला कार्यक्रम होता 'हिवाळी क्रीडा व्यवस्थापन'. कुठल्या देशातून उचलला होता कोण जाणे.

आमच्या यजमान कॉलेजच्या टेबलावर वाणिज्यचे सावंत सर होते. प्राचार्यांच्या गैरहजेरीत कॉलेजच्या शैक्षणिक समितीचं अध्यक्षपद तेच सांभाळायचे. शेजारी दळवी सर, आणि त्याच समितीतले आणखी तिघे. सावंत सर कागद वाचून वैतागले. "बर्फावरचे खेळ? मॅडम, आम्ही बर्फ फक्त मासळीवर बघितलाय."

"मग मासळीचंच घ्या ना," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आणि हिवाळी क्रीडेच्या जागी त्यांनी आपल्याच कॉलेजची मत्स्य प्रक्रिया ही पदवी घेतली.

ही पदवी सोनाली जाधव चालवत होती. तासिका तत्त्वावर, कुठलंही पद नसताना. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, तिथल्या मॅनेजरांशी भांडून तिने मुलींना यंत्रावर आणि तपासणीच्या टेबलावर उमेदवारी मिळवून दिली होती. तिची प्रयोगशाळा तळमजल्यावर, बरोबर वाणिज्यच्या स्टाफरूमखाली. खोट्या बैठकीत विद्यार्थिसंख्या, पूर्णवेळ शिक्षक नसणं वगैरे मुद्दे निघाले, पण एकदम सगळ्यांच्या आवाजात जोर आला तो वासाच्या मुद्द्यावर. ज्यांच्या घरी रविवारी सुरमई होते, त्यांना सोमवारी प्रयोगशाळेतला बांगडा असह्य होतो. दळवी सरांचे डोळे एव्हाना पुन्हा मिटले होते. सावंत सरांनी ठराव मांडला, कार्यक्रम बंद करावा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्या दिवशी कंपनीचा माणूस पुण्यातून, ऑनलाइन पडद्यावरून बघत होता. तो टाळ्या वाजवत म्हणाला, हा गट सगळ्यात वास्तवदर्शी.

होताच. सावंत सरांना खोटं खोटं इतिवृत्त लिहिताच येत नाही. त्यांनी आयुष्यभर लिहिलं त्याच साच्यात, कॉलेजच्या छापील कागदावर, बैठकीचं ठिकाण आणि विषय क्रमांकासह ते लिहून काढलं. बाकीच्यांनी आयुष्यभर केल्या तशाच, न बघता सह्या केल्या. आणि बैठक संपली की इतिवृत्ताची फाइल संध्याकाळी कार्यालयात जाते, म्हणून ती गेली. प्राचार्यांनी समितीच्या पाच सह्या बघून सहावी केली. लिपिकाने विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवलं. आमचं विद्यापीठ नवीन विषयाला मान्यता द्यायला वर्षं घेतं, निकालाची दुरुस्ती करायला मूल बाप होईपर्यंत थांबवतं. पण काहीतरी बंद करायचं म्हटलं की त्याच्या अंगात वारं संचारतं. मान्यता लगेच आली.

हे कुणालाच कळलं नाही, कारण आलेली मान्यताही कुणी वाचली नाही. प्रवेश सुरू झाले तेव्हा सोनाली माझ्या खोलीत आली. तिच्याबरोबर निकिता नावाची एक मुलगी आणि तिची आई होती.

"तांबे मॅडम, एक विचारायचं होतं. मी मेले का?"

"काय झालं?"

"पोर्टलवर मत्स्य प्रक्रिया नाहीच. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, बंद झाली. कधी झाली? तर म्हणे ठरावाने. मी इथेच होते. मला आवाज तरी यायला हवा होता."

निकिताची आई दाराशीच उभी होती. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात ती कोळंबी सोलायला जायची. "मॅडम, मी थंयच सोलते," ती मला म्हणाली. "हिने पन थंयच जायचा, पन पांढरा कोट घालून. कोट घातलेली बाय आमची कोळंबी नापास करते ना, तशी. आता हापिसातली म्हनतात दुसरा काय तरी घे. दुसरा काय घेऊ? बीकॉम?"

मी कार्यालयात जाऊन ठराव काढायला लावला. बैठकीचं ठिकाण, प्रशिक्षण कक्ष. वाचताना मला आधी हसू आलं. मग खाली सह्या बघितल्या आणि हसू गेलं. एक वर्ष प्रवेश झाले नाहीत तर विद्यापीठ तो कार्यक्रम पुन्हा उभा राहू देत नाही, हे मला माहीत होतं. सोनालीलाही. म्हणजे सोनालीचं काम जाणार, निकितासारख्या मुली बीकॉमला जाणार किंवा आईशेजारी सोलायला बसणार, आणि प्रयोगशाळेत स्टाफरूमची जादा कपाटं येणार.

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, हा सराव होता, एका ओळीचं पत्र द्या की चुकून चढवलं गेलं.

"तांबे, विद्यापीठाला काय कळवू? आमचे पाच ज्येष्ठ प्राध्यापक खेळत होते?"

"सर, खेळतच होते."

"आणि मी त्या खेळावर सही केली?"

तिथे सगळं अडलं. मला वाटत होतं की त्यांना कार्यक्रम नकोय. तसंही नव्हतं. कार्यक्रम राहिला काय, गेला काय, त्यांना सारखंच. फक्त चूक झाली असं कुठे लिहिलं जायला नको. एवढ्या एका गोष्टीसाठी ते हवा तेवढा वेळ, हवी तेवढी बुद्धी आणि हव्या तेवढ्या मुली खर्च करायला तयार होते. नेतृत्वाचा संच लिहिणाऱ्या कंपनीने हे कौशल्य बघायला हवं होतं. त्याला बाणसुद्धा लागत नाहीत.

मी पाठ सोडली नाही. विद्यापीठाला स्वतः लिहीन म्हटलं, वर्तमानपत्राला देईन म्हटलं. शेवटी समितीची बैठक बोलावली गेली, या खेपेला खरी. सोनाली समितीवर नाही, म्हणून ती बाहेर बाकावर. तिच्या शेजारी निकिता आणि तिची आई. मला 'प्रशिक्षणाचा संदर्भ स्पष्ट करण्यापुरतं' आत घेतलं.

सावंत सरांनी तोडगा आणला होता. "आधीचा ठराव आहे तसा राहू दे. पुढच्या वर्षी आपण नवीन कार्यक्रमाचा प्रस्ताव करू. सुधारित. एक वर्ष खंड पडला तर बिघडलं कुठे?"

"पुढच्या वर्षी विद्यापीठ मान्यता देईल?" मी विचारलं.

"प्रयत्न करू."

"आणि बाहेर बसलेली मुलगी?"

"तिला दुसऱ्या शाखेत सामावून घेऊ. आमच्याकडे जागा आहेत." वाणिज्यकडे जागा होत्याच. तेवढ्यात दळवी सरांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, बाहेर जातायत.

"सावंत, अनुमोदक कोण हो?"

"कशाचा?"

"त्या ठरावाचा. आत येताना ती कोळंबीवाली बाई मला विचारत होती, सर, तुमीच बंद केलात काय. मी म्हटलं, मला काय माहीत. मग हा कागद बघितला. त्यावर माझंच नाव."

"दळवी, ते औपचारिक असतं."

"मी झोपलो होतो." ते माझ्याकडे वळले. "हिला माहीत आहे. म्हणजे मी झोपेत अनुमोदन दिलं. तसं लिहा."

"असं कुठे लिहितात का?"

"आजवर नसेल लिहिलं. आता लिहा. सराव होता, अनुमोदक झोपेत होते, सबब ठराव रद्द."

प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "दळवी, तुमची निवृत्ती जवळ आलीय. कागदपत्रं विद्यापीठात जायचीत. उगाच तुमच्या पेन्शनला..."

"अडवा की. कोर्टात उभा राहीन आणि सांगेन, घोरत होतो. साक्षीला ही बाय हाय." एरवी शुद्ध बोलणारा माणूस, रागावला की गावचं बोलायचा. "आणि मग तिथे तुम्हाला विचारतील, बाकीचे चौघे जागे होते तर त्यांनी काय केलं?"

झोपलेल्याची अडचण सगळ्यांना समजत होती, पण जाग्यांची अडचण त्याहून मोठी होती. अखेर इतिवृत्तात झोपेचा उल्लेख आला नाही. 'सदर ठराव प्रशिक्षणातील सराव असून तो अनवधानाने सादर झाला' एवढं आलं. अनवधान कुणाचं, ते आलं नाही. पण ठराव रद्द झाला. सोनाली तो कागद घेऊन विद्यापीठाच्या उपकेंद्रात गेली आणि तिथल्या अधिकाऱ्याने तिच्यासमोर पोर्टल चालू करेपर्यंत उठली नाही. निकिताचा प्रवेश शेवटच्या फेरीत झाला.

पोर्टलला कार्यक्रम प्रमुखाचं नाव हवं होतं. मी सोनालीचं सुचवलं. नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. प्राचार्यांनी दळवी सरांचं नाव घातलं. ही त्यांना शिक्षा होती. गंमत अशी की दळवी सरांकडे प्रमाणपत्र होतं, घोरून मिळवलेलं. सोनालीकडे नव्हतं, आणि अजूनही नाही.

मला या सगळ्याचा राग आहे तो गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. लोक म्हणतात, शेवटी झालं ना बरोबर? नाही झालं. एका झोपाळू माणसाला लाज वाटली म्हणून एक पदवी वाचली. ज्या व्यवस्थेत मुलींचं शिक्षण कुणाच्या लाजेवर टिकतं, तिला व्यवस्था म्हणू नये. आणि उरलेल्या चौघांना लाज वाटली नाही, हेही मी लिहून ठेवते.

पुढच्या तुकडीला संच तोच आला. हिवाळी क्रीडेसकट. मी त्या सत्राला सोनालीला बोलावलं, स्वतःच्या अधिकारात. तो अधिकार मला नव्हता. माझं कंत्राट नंतर वाढलं नाही, आणि कारण लेखी मिळालं, अपात्र व्यक्तीस सत्र दिले. ते कारण मला मान्य आहे. पात्र लोकांची तुकडी मी बघितली होती.

सोनाली समोर उभी राहिली. पहिल्या रांगेत दळवी सर होते, नव्याने प्रमुख झाल्यामुळे त्यांना पुन्हा बसवलं होतं. मागे यजमान कॉलेजतर्फे सावंत सर, बाकी जिल्ह्यातले पूर्णवेळ, मान्यताप्राप्त.

"मी कशाचीच प्रमुख नाही," ती म्हणाली. "त्यामुळे मला स्लाइड नाहीत. एकच काम देते. तुम्ही ज्या पदवीचे प्रमुख आहात किंवा होणार आहात, त्या पदवीला शिकणाऱ्या तीन मुलांची पूर्ण नावं कागदावर लिहा. ती कुठून येतात आणि कशाने येतात तेही लिहा."

कुणीतरी विचारलं, "हजेरीपट बघितला तर चालेल?"

"नाही."

"गटात करायचं का मॅडम?"

"एकट्याने."

गणिताच्या मॅडम या तुकडीत नव्हत्या. असत्या तर त्यांनी लिहिलं असतं. बाकी पेनं नुसतीच उघडली गेली. थोड्या वेळाने दळवी सरांनी हात वर केला, विद्यार्थी करतात तसा.

"मला निकिता येते. पुढच्या दोघी येत नाहीत. उद्या विचारून येतो."

"उद्या कशाला सर? त्या आत्ता खाली लॅबमध्ये आहेत. बांगडे साफ करतायत."

दळवी सर उठले. चष्मा खिशात घातला आणि जिना उतरून गेले. बाकीच्यांनी ते जाताना बघितलं, आणि मग चहा आलाय का ते बघितलं.